आईची सरकारी सायकल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज.) भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे ठीक आहेत. आई तर जरा जास्तच ठीक आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

झालं असं, की विजेवर चालणाऱ्या सायकलींवर सरकारने सवलत जाहीर केली. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायला मला सायकल हवीच होती. पण ज्येष्ठांना सवलत दुप्पट, असं सायकलवाला म्हणाला आणि तुझ्या भावजयीने माझ्याकडे न बघता थेट आईकडे बघितलं. आईने मुकाट्याने सही केली. (कशावर, तेही विचारलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) सायकल आली, मी चार दिवस मिरवलो, आणि पडताळणीचे साहेब दारात उभे. सायकल आई स्वतः चालवते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नाहीतर सवलत रद्द.

आईने त्या दिवसापुरतं गुडघ्यांचं निमित्त सांगायचं, असं ठरलं होतं. मी तिला हाताला धरून बाहेर आणली, गरजेपेक्षा थोडी जास्तच वाकवून. साहेबांनाच दया आली. "राहू द्या आजी," ते म्हणाले. त्यावर आईने माझा हात सोडवला, दुकानातल्या नाडीने चष्मा डोक्याला बांधला आणि "सीट खाली घे," एवढंच मला सांगितलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती कोपऱ्यावर वळत होती, एक हात सोडून, बेकरीवाल्याची विचारपूस करत.

लग्नाआधी ती छापखान्यात सायकलवरून कामाला जायची, हे तुला ठाऊक होतं का? मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही ती साहेबांशी बोलत होती म्हणून. "मग सोडलीत का?" त्यांनी विचारलं. "विकली. पाळणा घ्यायचा होता," आई म्हणाली. (थोरली तू, तेव्हा पाळणा तुझ्यासाठी. मी निर्दोष आहे. पण त्या संध्याकाळी माझं शिवणात लक्ष लागलं नाही.)

सवलत मिळाली आणि सायकल गेली. आई ग्रंथालयात जाते, भाजी आणते, आणि ज्या मैत्रिणी कधीच वारल्या असं मला वाटत होतं त्यांच्याकडे गप्पा मारायला जाते. मागितली तर "नावावर कुणाच्या आहे?" म्हणते. काल चढावर मी कपड्यांचं गाठोडं घेऊन धापा टाकत होतो, तेव्हा घंटी वाजवून पुढे गेली. ओळख दाखवली, थांबली मात्र नाही.

बाकी क्षेम. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. आईला हवापालट हवा आहे असं वाटतं. महिनाभर तिला बोलावून घे. कल्पना तुझीच आहे असं लिही.

ता. क. तुझा भाऊ कापड बरं शिवतो, पण पाकीट उघडं टाकून जेवायला बसतो. पत्र टाकायला मीच निघाले आहे. तुझ्याकडे येते, सायकल बसच्या टपावर टाकून. तूही आता साठीची झालीस, अर्ज करून ठेव. चालवायला मी शिकवते. — आई