समुद्रावर सामान राखताना

आई, सहलीला जाऊन दुसऱ्यांच्या चपला, पर्स, मोबाइल आणि डबे राखत बसणाऱ्या बायकांच्या वतीने मी हे लिहिते आहे. त्या बायकांमध्ये तू आहेस, मी आहे, आणि प्रत्येक घरात, प्रत्येक मंडळात एक तरी आहे. आपल्यावर कुणी जबरदस्ती केलेली नसते, म्हणून आपली तक्रार कुठे मांडताही येत नाही. कुणी दरडावलं असतं तर उलट दरडावता आलं असतं. पण माणसं गोड हसतात, "जरा धरता का, आलोच आम्ही" म्हणतात, आणि तासाभराने ओल्या अंगाने, खूश होऊन परत येतात. तोवर आपण ऊन कुठे सरकलं ते बघत बसलेलो असतो. आयुष्यभर मी व्यासपीठावरून अन्यायावर बोलले. या अन्यायावर एकदाही बोलले नाही, कारण हा अन्याय आहे हे मलाच गेल्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं.

आमचा देवपुरातला सकाळी फिरायला जाणारा गट कोकणात गेला होता. सात जोडपी, मी आणि वहिनी. वहिनी म्हणजे आपल्या धाकट्याची बायको. तो गेला हे तुला सांगायला हवं. तुझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मागच्या थंडीत गेला. तेव्हापासून वहिनी चोपड्याकडच्या घरात मुलासुनेजवळ असते. ती कुणाला काही मागत नाही. जेवायला वाढलं तर जेवते, शेतात चल म्हटलं तर जाते. मी तिला भेटायला गेले आणि बोलता बोलता या सहलीचा विषय निघाला, तेव्हा ती भांडं घासता घासता म्हणाली, "अक्का, तुमनासंगे मी बी येऊ का? समुद्र कसा ऱ्हास ते पाहू." मुलगा लगेच म्हणाला, "आई, तू कशाला?" मी त्याला असं काही सुनावलं की तो अंगणात निघून गेला. कारण मला दिसत होतं, इतक्या महिन्यांत या बाईने पहिल्यांदा काहीतरी मागितलं आहे. हे मागणं वाया गेलं, तर ती पुन्हा काही मागणार नाही.

सहलीचं सगळं आमच्या भाऊंच्या हातात होतं. भाऊ म्हणजे गटाचे अध्यक्ष, निवृत्त माणूस, मनाने चांगला, आणि चांगल्या माणसाशी भांडता येत नाही हीच माझी अडचण. त्यांनी एका दिवसाचा बेत ठरवला होता. सकाळी दोन उघड्या जीपमधून डोंगरातला कच्चा रस्ता, दुपारी समुद्रात कॅनो. कॅनो म्हणजे दोघांनी बसून वल्हवायची लांबट, अरुंद नाव. आणि आपली माणसं कुठेही गेली तरी सोबत काय नेतात ते तुला ठाऊक आहे. जळगावहून मागवलेली भरिताची हिरवी वांगी, आणि ती भाजायला कपाशीच्या काड्यांचा भारा! होय, बसच्या टपावर काड्यांचा भारा बांधून आम्ही कोकणात गेलो, कारण दुसऱ्या कशावर भाजलं तर त्याला भरीत म्हणायचं नाही असं भाऊंचं ठाम मत. पहाटे मुक्कामाच्या मागच्या अंगणात वांगी भाजली, वहिनीने ती लाकडाच्या बडगीत ठेचली, पातेलं भरलं, वर फडकं बांधलं. जीप निघताना भाऊ ते पातेलं घेऊन माझ्यासमोर आले.

"मॅडम, हे तुमच्याच मांडीवर बरं राहील. बाकी सगळे ओरडणार, उड्या मारणार. तुम्ही आपल्या शांत."

मला शांत म्हणणारा हा पहिलाच माणूस. तरीही मी पातेलं घेतलं.

मग तांबड्या मातीतून, दगडगोट्यांवरून, कोरड्या ओढ्यातून आमची जीप गेली. जीपवाला मुद्दाम एक चाक खड्ड्यात घालून गाडी कलती करत होता आणि सगळे लहान मुलांसारखे किंचाळत होते. मी एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पातेलं धरलेलं. प्रत्येक धक्क्याला पुढच्या सीटवरून भाऊ विचारत, "भरीत ठीक आहे ना?" मी कशी आहे हे कुणी विचारलं नाही. दरीतलं झाड पाहायचं म्हटलं तर नजर पातेल्यावरून हलवायची सोय नाही. वहिनी शेजारी बसून शांतपणे इकडेतिकडे बघत होती. एका चढावर गाडी अडकली, चाकं फिरली, धूळ उडाली, सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "आमना वावरनी वाट यानापेक्षा खराब शे, अक्का. तठे कोनी फोटू काढत नही." त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. पातेलं हललं. भाऊंनी मागे वळून पाहिलं.

तुझी आठवण आली ती इथेच. धरणगावचं घर, मी कॉलेजात, उद्या वक्तृत्वाची स्पर्धा. तू चुलीपाशी वांगी भाजते आहेस आणि मी दारात उभी राहून तुला माझं भाषण ऐकवते आहे, स्त्रीच्या गुलामगिरीवरचं, हातवारे करून. तू शेवटपर्यंत ऐकतेस. मी श्वास घ्यायला थांबते, तेव्हा म्हणतेस, "बोलस चांगली. आते ते ताट धर." मी ताट धरते. स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं, पण माझ्या भाषणावरची खरी टीका तू आदल्या संध्याकाळीच करून टाकली होतीस.

आणि तापीकाठ. उन्हाळ्यात सगळं घर बैलगाडीने तापीवर जायचं. काका, आत्या, आम्ही पोरं पाण्यात, आणि तू काठावरच्या खडकावर. एका बाजूला सगळ्यांचे कपडे, दुसऱ्या बाजूला भाकरींचं गाठोडं, पायाशी चपलांची रांग. तू कधी पाण्यात उतरलीस? मी आठवून पाहते, मला एकदाही आठवत नाही. एका वर्षी मला तू चपलांजवळ बसवलंस आणि स्वतः भाकरी वाढायला गेलीस. पलीकडे कुणीतरी मोठा मासा धरला म्हणून आरडाओरडा झाला आणि मी धावत गेले. परत आले तर आत्याची एक चप्पल कुत्र्याने पळवलेली. तू मला मारलं नाहीस. फक्त म्हणालीस, "बठ्ठा जातस, पन एकले मांगे ऱ्हावनं पडस." सगळे जातात, पण एकाला मागे राहावं लागतं. पुढे मला धुळ्यात प्राध्यापकाची नोकरी लागली, तेव्हा तू तुझ्या जुन्या साड्यांची एक मोठी पिशवी शिवून दिलीस, जाड पट्ट्यांची. "यामां बठ्ठासनं मावी," म्हणालीस. सगळ्यांचं मावेल. तुला किती अभिमान वाटत होता त्या पिशवीचा! आई, मला पगार लागला होता, आणि तू मला सगळ्यांचं ओझं उचलायला पिशवी दिलीस.

तीच पिशवी या सहलीत माझ्याजवळ होती. आता किनाऱ्यावर काय झालं ते ऐक.

कॅनोवाला मध्यमवयीन, कामाचा माणूस. त्याने लाल जाकिटं वाटली आणि ओरडला, "जोड्या करा, जोड्या!" सातही जोडपी नवराबायको म्हणून उभी राहिली. मग माझ्याकडे ओघ सुरू झाला. मोबाइल, घड्याळं, चष्मे, पर्स, कुणाचे दात ठेवायचा डबासुद्धा. भरिताबरोबर खायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं गाठोडं आणि भरिताचं पातेलं तर होतंच. वहिनी पाण्याकडे दोन पावलं गेली होती. भाऊ अगदी मायेने म्हणाले, "वहिनी, तुम्ही मॅडमजवळ बसा. वारं आहे, तुम्हाला झेपायचं नाही." त्यांच्या बायकोने मान हलवली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. वहिनी परत आली आणि माझ्याजवळ वाळूत बसली. मी काय केलं माहीत आहे? मी तिला सरकून जागा करून दिली! विधवांच्या सन्मानावर मी कितीतरी गावांत बोलले आहे, सभा उठून टाळ्या वाजवायच्या. आणि मी पिशवी बाजूला घेऊन तिला जागा दिली.

बराच वेळ आम्ही तशाच बसलो. नावा लाटांवर वर जात, खाली येत. बायका किंचाळत, नवरे वल्ही चुकवत, पाणी उडत होतं. मी मनातल्या मनात चिडत होते. भाऊंवर, कॅनोवाल्यावर, तुझ्यावर. सगळ्यात जास्त तुझ्यावर. वहिनी गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "अक्का, आपन बी दोन जनी शेतस ना?"

नाव दोघांची होती आणि आम्ही दोघी होतो. इतकं सरळ होतं ते, आणि ते भाऊंना दिसलं नाही, कॅनोवाल्याला दिसलं नाही, आणि इतकी पुस्तकं वाचलेल्या मलाही दिसलं नाही.

मी उठले. तोवर नावा परतत होत्या आणि कॅनोवाला त्या वर ओढत होता. "ताई, ओहोटी लागली. आता फेऱ्या बंद."

"आम्ही गेलेलो नाही."

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"आम्हाला कुणी विचारलं?"

भाऊ टॉवेल शोधत आले. "मॅडम, कशाला हो? ते सांगतायत ना, ओहोटी आहे. आपण जेवून घेऊ. भरीत..."

"भाऊ, बसा," मी म्हटलं.

"अं?"

"इथे बसा. पातेल्याजवळ. हे सगळं आता तुमचं." आणि मी पिशवी, पातेलं, गाठोडं, चष्मे, सगळं त्यांच्या ओल्या पायांपाशी रचलं. ते बसले बिचारे. मग मी कॅनोवाल्याकडे वळले आणि त्याच्याशी काय बोलले ते लिहीत नाही, पण शेजारच्या नारळवाल्याने विक्री थांबवून ऐकलं. कॅनोवाला शेवटी म्हणाला, "बरं बरं, त्या काळ्या खडकापर्यंत. मी दुसऱ्या नावेतून सोबत येतो. खडकाजवळ मी सांगेन तेव्हा वळायचं."

वहिनीने लुगडं वर खोचलं, जाकीट घातलं आणि पुढे बसली. मी मागे. पहिल्यांदा आम्ही जागच्या जागी गोल फिरलो, कारण दोघी एकाच बाजूने वल्हवत होतो. मी तिला सूचना द्यायला लागले. उजवीकडे, आता डावीकडे, एकदम नको. तिने मागे न बघता म्हटलं, "अक्का, भाषन ऱ्हाऊ द्या. वल्हं मारा." मी वल्हं मारलं. एक लाट आली, दोघी नखशिखान्त भिजलो, आणि पलीकडे गेल्यावर पाणी एकदम संथ झालं. तिने हात बुडवून बोट जिभेला लावलं आणि खूप वेळ हसत राहिली. "खरंच खारं शे. माले वाटे, लोकं उगीच सांगतस." खडक आला. कॅनोवाल्याने हात केला. तेव्हा ती वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "आखो थोडं जाऊत ना."

आई, तिने दुसऱ्यांदा काहीतरी मागितलं, आणखी थोडं. मी कॅनोवाल्याकडे पाहिलं, त्याने कपाळाला हात लावला आणि बोट दाखवलं, एवढंसंच. आम्ही तेवढं गेलो.

परत आलो तेव्हा किनाऱ्यावर हलकल्लोळ. भाऊ टॉवेल घ्यायला बसकडे गेले होते, तेवढ्यात कुत्र्याने पुऱ्यांचं गाठोडं ओढून नेलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं, चष्मे, मोबाइल, दातांचा डबासुद्धा. पण पुऱ्या गेल्या. भाऊंच्या बायको म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त होतो हो." शेवटी कोपऱ्यावरच्या टपरीतून पाव आणले आणि आम्ही भरीत पावाबरोबर खाल्लं. जळगावात कुणाला कळलं तर आमच्याशी कुणी सोयरीक करणार नाही. परतीच्या रस्त्यावर रात्रभर मला टोमणे. "पुढच्या वेळी मॅडमना सोडायचंच नाही पातेल्यापासून!" सगळे हसले. वहिनी खिडकीला डोकं लावून झोपली होती, केसांत वाळू तशीच.

तू म्हणशील, बघ, मी सांगितलं होतं ना, एकाने मागे राहायचं असतं. मी इतकी वर्षं तुझ्या त्या वाक्याला मान दिला, आज देत नाही. एकाने राहायचं असतं हे मान्य. पण तो एक दर वेळी तूच का? आणि पुऱ्याच गेल्या ना? पाव मिळाले. तू तापीकाठी वर्षानुवर्षं जे राखलंस त्यातलं आज काय शिल्लक आहे? कपडे विरले, चपला झिजल्या, भाकरी त्याच दिवशी खाल्ल्या गेल्या. तापीच्या पाण्याचा स्पर्श मात्र तुला झालाच नाही. मला याचा राग येतो आई, इतका की लिहिताना शाई पसरते आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. मेल्यानंतर माणूस कुठे असतं यावर माझं मत तुला माहीत आहे आणि ते मी बदललेलं नाही. पण एक गोष्ट गटात कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगते. वहिनी "आखो थोडं जाऊत" म्हणाली तेव्हा सवयीने मी मागे, सामानाकडे पाहिलं होतं. कुत्रं गाठोड्याला तोंड लावताना मला पाण्यावरून स्पष्ट दिसलं. मी ओरडले असते तर ते पळालं असतं. पण मी ओरडले असते तर वहिनीने नाव वळवली असती. मी गप्प बसले आणि वल्हं मारलं.

आणि बायांनो, ज्या ज्या कुणाच्या मांडीवर आज दुसऱ्याचं सामान आहे त्या सगळ्यांनो, पुढच्या सहलीत "जोड्या करा" अशी हाक आली की ते सगळं तिथेच वाळूवर ठेवा आणि रांगेत पहिल्या उभ्या राहा.