भिंतीतल्या पाच दांड्या

ता. २ नोव्हेंबर, पाडवा. सकाळी.
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलं की कामरगावात हवेतून इंटरनेट पहिल्यांदा कोणी पकडलं, तर तारीख सापडली पाहिजे. बाकी ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही.

परिस्थिती अशी. पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खोदताना जेसीबीनं टेलिफोनची केबल तोडली. त्यामुळे 'धनराज कॉम्प्युटर्स'चं नेट बंद आहे. दुकान बंद नाही, नेट बंद आहे. लोकांना हा फरक कळत नाही.

उपायही माझ्याकडेच आहे. वीस वर्षांपूर्वी अमरावतीहून आणलेलं वायरलेस कार्ड. तेव्हा इथे पकडायला नेटच नव्हतं, म्हणून ते डब्यात कोरं राहिलं. आता समोरच्या कृषी केंद्रात, म्हणजे माझ्या साळ्याकडे, देवानंदकडे फायबर आलं आहे. तो म्हणाला, भाऊजी, वायर टाकून देतो, पाच मिनिटाचं काम. मी स्वच्छ नकार दिला. वायरच घ्यायची तर वायरलेस माणसानं जगावं कशाला? पासवर्ड मात्र लिहून घेतला.

काल लक्ष्मीपूजनात कार्ड पाटावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, नारळ ओवाळला. पूजेशिवाय आपण साधं औत शेतात नेत नाही, हे तर कार्ड. मग मशीनमध्ये बसवलं.

मशीनला दिसत नाही. उद्या दिसेल.

ता. ३, भाऊबीज.
दिसत नाही. देवानंद ओवाळून घ्यायला आला. ओवाळणीत वैजयंतीला एक खोका दिला. मिक्सर असावा. बायको खुश. मी विचारलं नाही, ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या विचारात होतो.

ता. ४, सोमवार.
जानराव काका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. महिना संपला की सरकारच्या हिशेबी माणूस मेला. काका म्हणाले, बापू, मले या सालीबी जित्ता करून देजो. मी शब्द दिला. तुम्हाला जिवंत करीन तर मीच, आणि याच कार्डावर. काका बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. भारावले असणार.

संकल्प: नेट लागेपर्यंत दुकान सोडायचं नाही. जेवणही इथेच.

ता. ६.
संकल्प मोडून कारंजाला गेलो. ड्रायव्हरच्या सीडीला तडा गेलेला. ओळखीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणला आणि विंडोजऐवजी मशीनवर चढवायला लिनक्सही आणलं. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सला गोडीगुलाबीनं भरवणारा एक प्रोग्रॅम असतो, तोही आणला. दुकानातला पोरगा म्हणाला, काका, नवीन कार्ड घ्या ना. मी हसलो. आजकाल बटण दाबलं की चालतं, त्यात विद्या कुठे आहे? मी तर मोबाईलही बटणांचाच ठेवतो.

ता. ८.
लिनक्स चढलं. कार्ड दिसत नाही.

आज लक्षण बरं नाही. दुकानाच्या पायरीवर सकाळपासून एक कावळा बसून आत पाहतो आहे. पंखा वारा नसताना फिरला (लाइट आली होती, तरीही). आई म्हणाली, धनराज, हे यंत्र मेलं हाय, त्याले पुरून टाक. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून असं सहज येत नाही.

करणीची शंका. कोणाची, ते लिहीत नाही.

ता. १०.
वैजयंती डबा द्यायला आली. कार्ड बाहेर काढून ठेवलेलं होतं. तिनं उचलून पाहिलं आणि म्हणाली, अहो, याच्या पट्टीवर कुंकू थापलं हाय, पाण्यानं वाळून घट्ट झालं. खोडरबर मागितला आणि घासलं. कार्ड दिसायला लागलं.

मला हा संशय पहिल्या दिवसापासून होता. फक्त कुंकू देवाचं असल्यानं हात लावत नव्हतो.

ता. १२. दुपारी.
ड्रायव्हर लागला!! हिरवा दिवा!

यादीत देवानंदचं नेट दिसलं, सिग्नलची एक दांडी. पासवर्ड टाकला, जोडलं नाही. अंतर जास्त असावं. अँटेना छपरावरच्या टिनाला बांधीन. विषय संपला.

पण यादीत दुसरंही एक नेट आहे. नाव धड नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्याला पाच दांड्या! म्हणजे ते देवानंदच्या दुकानात नाही. ते जवळ आहे. अगदी जवळ.

कार्डाला पुन्हा एकदा नमस्कार केला.

ता. १४.
शोध घेतला. मशीन टेबलासकट सरकवून पाहिलं. रस्त्याकडे तीन दांड्या, दारात तीन. मागच्या भिंतीला चिकटवलं की पाच. भिंतीपलीकडे आमची धान्याची खोली. तिथे तूर, जुना पाळणा आणि वैजयंतीच्या बचत गटाचे पापड. नेट असण्याचं कारणच नाही. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

आत जाऊन पाहता आलं असतं. पण संकल्प आहे, आणि पापडाच्या वासानं मला शिंका येतात.

काका आले, चहा घेऊन बसून गेले. घाई नाही म्हणाले. आतापासूनच आशा सोडल्यासारखा त्यांचा आवाज होता. मला फार वाईट वाटलं.

ता. १६.
भिंतीतून आवाज येतात.

आधी वाटलं उंदीर. कान लावला. बाईचा आवाज. हलू नका. डोये उघडे ठेवा. आता मिचकवा. मग दुसरा आवाज, म्हातारा, घोगरा: झालो का वं? आणि ती: झाले, जित्ते हा तुमी.

वहीसमोर खोटं कशाला बोलू, मी दुकानाचं दार लावून हनुमानाचं नाव घेतलं.

ता. १८.
आईला विचारलं, भिंतीतून काही ऐकू येतं का? आई म्हणाली, मले तं रोज ऐकू येते, तुलेच आता आलं. असं म्हणून ती पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत असावी. खांदे हलत होते.

ता. २१.
गाव बदललं आहे. दुकानासमोरून माणसं जातात, आत पाहतात आणि बोलणं थांबवतात. पूर्वी पीकविम्यासाठी, उताऱ्यासाठी भांडायची. आता कोणी काही मागत नाही. येतात, बाकावर बसतात, पाऊसपाण्याच्या गोष्टी करतात, आणि उठून आमच्या मागच्या बोळीकडे जातात. बोळीत चपलांचा ढीग पाहिला. पुरुषांच्याही चपला. बचत गटात पुरुष कधीपासून?

काय चालतं तिथे? म्हाताऱ्यांना बसवून डोळे मिचकवायला लावतात. वैजयंती यात ओढली गेली तर? चौदा वर्षांच्या संसारात तिला इतकं हसतमुख मी पाहिलेलं नाही. हेच भीतीचं आहे.

देवानंदला आडून विचारलं. तो म्हणाला, भाऊजी, तुमी एकदा मांगच्या खोलीत जाऊन या ना. मला तिथे पाठवायची त्याला एवढी घाई काहून? गेलो नाही.

ता. २५.
पाच दिवस उरले. कार्ड त्या नेटला जोडून पाहिलं. पासवर्ड मागतं. आईचं नाव टाकलं, देवाचं टाकलं, बीजमंत्रही टाकला. नाही.

आज काका आले तेव्हा खोकत होते. महिना संपला आणि दाखला गेला नाही तर? पेन्शन थांबली तर त्यांनी औषध कशातून आणायचं? त्यांना म्हटलं, काका, मी आहे. ते म्हणाले, हाव ना बापू, तू हायेस म्हून तं येतो. मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. हा माणूस माझ्या शब्दावर बसला आहे आणि मी एका भिंतीला घाबरतो आहे.

ता. २८.
उद्या भिंत फोडणार.

ता. २९. सकाळी ११.
लोखंडी सब्बल घेतली. नारळ फोडला. भिंत मातीची, तीन घावांत आरपार.

भोकातून उजेड आला. डोळा लावला. तुरीच्या पोत्यांवर फळी, फळीवर पांढरा खोका, त्यावर हिरवे दिवे. म्हणजे मिक्सर नव्हता. शेजारी वैजयंती, हातात स्मार्टफोन. समोर पाटावर कोणी म्हातारी डोळे मिचकावत बसलेली. रांगेत सात-आठ जण.

सगळे भोकाकडे पाहत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वैजयंती म्हणाली, चहा पाठवू का?

दुपारी.
तिनं सगळं सरळ सांगितलं. देवानंदनं ओवाळणीत फायबरचं कनेक्शन दिलं. लोकांची कामं अडली होती, म्हणून तिनं मागे सुरू केलं; हयातीच्या दाखल्यालाही आता फोनसमोर डोळे मिचकावले की पुरतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, दोनदा सांगतलं. तुमी म्हणे, आता बोलू नको, ड्रायव्हर लागून राह्यला.

हे खरं असू शकतं.

तरी काही बिघडलेलं नाही. नेट घरचंच, पाच दांड्या, कार्ड चालू. काकांचं काम अजूनही माझ्याच मशीनवरून होईल. पासवर्ड मागितला, तिनं भोकातून चिठ्ठी दिली. टाकला. जोडत नाही. पुन्हा टाकला. मग ड्रायव्हरसोबतची माहिती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. या कार्डाला फक्त त्या काळची कुलपं उघडता येतात. आजच्या नेटचं कुलूप त्याला समजतच नाही. देवानंदचंही कधी उघडणार नव्हतं. ड्रायव्हरचा दोष नाही. माझं काम अचूक होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

ता. ३०, शनिवार.
शेवटचा दिवस. ठरवलं की मान खाली घालायची. काकांना हात धरून मागच्या खोलीत न्यायचं आणि वैजयंतीसमोर बसवायचं. त्यांच्या घरी पळत गेलो. ते अंगणात हरभऱ्याचं बी निवडत होते. म्हटलं, काका चला, माझ्याकडून झालं नाही, पण आजच्या आज तुम्हाला जिवंत करून आणतो.

काका म्हणाले, मी तं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिसापासून जित्ता हाओ.

त्याच दिवशी. माझ्याकडून शब्द घेऊन ते मागच्या दारानं गेले होते. वैजयंतीचं पहिलं काम तेच.

विचारलं, मग रोज काहून येत होते?

ते बी निवडत राहिले. म्हणाले, वैजयंती पोरगी सांगे सगळ्यायले, पयले समोर दुकानात जरा बसत जा, मंग मांगं या, त्याले एकटं वाटते. मले तुह्यापाशी बसनं आवडेबी. पन आता उद्यापासून पेरनी हाय, बापू, मले येनं होनार नाही.

घरी आलो. दुकान उघडलं. बाक पुसला. भोक बुजवायला माती भिजवली, पण वैजयंती म्हणाली, राहू द्या, चहा द्यायले बरं पडते.