एव्हरिल, तुझं पहिलं नाव

१२ ऑक्टोबर, रविवार. गॉलवे, आयर्लंड

आई, तू गेल्याला अकरा वर्षं झाली आणि तुला मी एक ओळही लिहिली नाही, माफ कर. रोजनिशीत तुझ्याबद्दल लिहिते. तुला लिहायचं टाळत आले. आज टाळता येत नाही. इथल्या नागरिकत्वाच्या अर्जात आईचं नाव भरायचं आहे, आणि तुझी नावं दोन.

माझ्या जन्मदाखल्यावर तुझं सासरी ठेवलेलं नाव आहे. पहिलं मला बाराव्या वर्षी सापडलं. स्वयंपाकघरातल्या फडताळात, रेशनकार्डाखाली, तुझा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर लिहिलं होतं, एव्हरिल. मी खो खो हसले. ‘हे काय मडमेचं नाव!’ तू तव्यावरची पोळी तशीच सोडून दाखला काढून घेतलास. ‘हसायला काय झालं? तुझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या इंग्रज नर्सबाईने मला जगवलं, तिचं नाव आहे ते. अर्थ एप्रिल. मी चैत्रातली.’ पोळी करपली. ती तूच खाल्लीस, आणि हा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी हे सहज बोलले. माझ्याबरोबर हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट तपासणारा म्हातारा सहकारी उसळलाच. ‘एव्हरिल? माझ्या मावशीचं नाव! एप्रिल कसलं डोंबलाचं! जुन्या इंग्रजीतले दोन शब्द आहेत ते, रानडुक्कर आणि लढाई. मावशी सगळ्यांना दम देऊन सांगायची. तुझी आई होती का तशी?’

‘छे,’ मी म्हटलं. ‘कधी आवाजसुद्धा चढवला नाही तिने.’

घरी येताना गाडीत आठवलं, की हे काही खरं नाही. माझं लग्न. सासूबाई तांदळाचं ताट पुढे करताहेत, नवऱ्याच्या हातात अंगठी आहे, तांदळात लिहायचं नवं नाव ठरलेलं आहे. तू पाहुण्यांमधून पुढे येतेस आणि ताटावर हात ठेवतेस. ‘तिचं नाव आहे तेच राहील.’

‘अहो विहीणबाई, रीत आहे.’

‘ठाऊक आहे. माझं पुसलंय त्या रीतीने.’

तू ताटावरचा हात काढला नाहीस. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. तुझं नाव पुसलं तेव्हा तुला काय वाटलं, हे मी नंतरही विचारलं नाही.

नवरा म्हणतो, ‘अगं, दाखल्यावर आहे ते लिही आणि मोकळी हो. दोन नावं दिसली की अर्ज अडकणार, पुन्हा किती महिने जातील कोण जाणे.’ त्याचं चूक नाही. लेकीला अर्थ सांगितला तर ती इंग्रजीत ओरडली, ‘रानडुक्कर? आपली आजी? ग्रँड!’ आणि हसत सुटली. बाराव्या वर्षी मला असं हसता यायला हवं होतं.

मी शाईने एव्हरिल लिहिलं. सासरचं नाव खाली, इतर नावांच्या रकान्यात. अर्ज परत आला तर पुन्हा पाठवीन, तेच लिहून.

हे पत्र या वहीतच राहणार, म्हणून एक सांगते. पहिल्यांदा इकडे येताना भरलेल्या अर्जात ‘आईचं आधीचं नाव’ असा रकाना होता. मी तिथे ‘नाही’ असं लिहिलं. विसरले नव्हते, समजावून सांगायचा कंटाळा आला होता. तू शेजारीच बसली होतीस, चष्मा लावून तोच अर्ज वाचत.

उद्या: शाळेचा दाखला घेऊन वकिलाकडे जाणे. दोन्ही नावांची बाई एकच, असं शपथपत्र करणे.