स्टे मिळालेली माती

तीर्थरूप अर्जुनदादा यांस,

तुमचा धाकटा चुलतभाऊ आणि तुमच्याच दाव्यातला प्रतिवादी शेषेराव याचा, दोन्ही नात्यांनी, वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे फार वाकता येत नाही, पण वाकलो असं तुम्ही धरून चालावं.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? अंगदचा लातूरचा क्लास कसा चालला आहे? त्याला म्हणावं, डॉक्टर झालास तर आधी घरातले गुडघे आणि कमरा बघ, मग जगाचं. इकडे सगळं ठीक आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला, सोयाबीन पिवळं पडलं, सरजाबाई पुन्हा सरपंच झाल्या आणि तुमचा निरोप पोचला.

निरोपानं मी हललो. येत्या लोकअदालतीत तडजोड करू, आपल्या दोघांच्या शेतामधली ती बैलगाडीएवढी रुंद पट्टी शेषेरावला सोडून देतो, असं तुम्ही मल्लेशला फोनवर सांगितलंत. (मल्लेश तुमचा बटईदार, पण त्यानं निरोप अशा तोंडानं दिला की जणू जमीन त्याच्याच खिशातून चालली होती.) अंगदचं जावळ झालं त्या वर्षी या पट्टीवर कोर्टाचा स्टे आला. ‘जैसे थे’ असा हुकूम झाला. तुम्ही नांगर घालायचा नाही, मी घालायचा नाही. मग तारखेमागून तारीख पडत गेली, अंगदला मिशा फुटल्या, आणि आता तुम्ही एका फोनवर सगळं सोडून मोकळे झालात. एवढं मोठं मन आपल्या घराण्यात कुणाचं नव्हतं. ते लातूरच्या पाण्यानं आलं असावं म्हणावं, तर लातूरला पाणी कुठे असतं?

पण त्या पट्टीचं दरम्यान काय झालं हे तुम्हाला तिकडे बसून कळलेलं नाही. सहीआधी कळावं म्हणून सविस्तर लिहितो. चष्मा घालून वाचा.

उन्हाळ्यात गावात सजीव मातीची स्पर्धा जाहीर झाली. त्याची माहिती द्यायला उदगीरहून शिवमूर्ती सर आले. मी सगळ्यांत पुढे बसलो होतो (खुर्ची तिथेच होती), म्हणून त्यांनी नमुन्याचं ढेकूळ माझ्याच शेतातलं मागवलं आणि पाण्याच्या ग्लासात सोडलं. ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं खाली बसलं. सर म्हणाले, माती म्हणजे नुसती दगडाची भुकटी नव्हे. तिच्यात गांडुळं, मुंग्या, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव राबत असतात. ते पालापाचोळा खातात, त्याचं खत करतात, आणि त्यांच्याच चिकटपणानं मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. या मातीत राबणारं कुणी उरलेलं नाही, ही मेली आहे. हे त्यांनी भर सभेत सांगितलं. आता मी दरसाल काडीकचरा पेटवतो, तणनाशक मारतो, डीएपी टाकतो, रोटाव्हेटर फिरवतो. एवढी सेवा करूनही ती मेली असेल तर दोष कुणाचा, हे तुम्हीच सांगा. राजकन्या (तुमची भावजय, हल्ली बचत गटाची अध्यक्ष) घरी आल्यावर म्हणाली, “एवढं जहर माणसाला पचंना, त्या किड्यायनं काय करावं?” मी मान डोलावली. अध्यक्षांचा ठराव कुणी फेटाळत नसतं.

म्हणून मी धर्माबादेहून गांडुळं आणली. विकणाऱ्यानं ओल्या शेणात भरलेलं पोतं दिलं आणि सावलीत ठेवा म्हणाला. एसटीत सावली असतेच, म्हणून पोतं सीटखाली सरकवलं. (कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. बिलोलीपर्यंत आम्ही दीड माणूस होतो.) कुंडलवाडीच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली, पोत्याचं तोंड सुटलं, आणि पुढच्या सीटवरच्या बाईंनी आपल्या पायाशी काय वळवळतंय ते खाली वाकून पाहिलं. त्यानंतर गाडी थांबली ती बराच वेळ. मी गुडघ्यांवर बसून गांडुळं वेचली आणि बाकीच्या उतारूंनी पाय वर घेऊन मार्गदर्शन केलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी (सरजाबाईंना तीच वेळ मोकळी होती) सरपंचांच्या हस्ते गांडुळं शेतात सोडण्याचा कार्यक्रम झाला. नारळ फुटला, फोटो निघाले, ते ग्रुपवर गेले. तापलेल्या, फवारलेल्या, खायला एक वाळकं पान नसलेल्या रानात त्यांना सोडून आम्ही जेवायला गेलो. परत आलो तेव्हा राजकन्येच्या कोंबड्या जेवून उठत होत्या. त्या आठवड्यात अंडी मात्र फार चांगली निघाली.

मग माझं लक्ष पट्टीकडे गेलं, कारण माझ्या रानात एक पाखरू उतरत नव्हतं आणि तिथे साळुंक्यांची पंगत बसलेली असायची. मी टोपलं आणि खुरपं घेऊन गेलो. टोपलं अर्धंच भरायचं ठरवलं होतं, अर्ध्या टोपल्यानं कोर्टाचा अवमान होत नसावा. (मल्लिनाथ वकिलांना विचारलं नाही, ते विचारण्याचीही फी घेतात.) खुरपं टेकवतो तोच बाभळीमागून आवाज आला, “मालक, काय करून राहिले? स्टे हाय ना त्याच्यावर.” तुमचा मल्लेश. कायद्याचा एवढा अभिमान, आणि हातात स्वतःचं भरलेलं घमेलं. विचारलं तर म्हणतो, “आमच्या लक्ष्मम्माच्या मिरच्या ह्याच मातीवर हायत. दरसाल थोडी नेतो. कोर्ट काय मोजाया येतंय व्हय?” तेव्हा दादा, त्याची बायको लक्ष्मम्मा तुम्हाला लातूरला जो मिरचीचा ठेचा पाठवते, तो तुम्ही इतकी वर्षं न्यायप्रविष्ट जागेतला खात आहात. पचला असेल तर काही म्हणणं नाही.

दोन्ही पक्ष असे जागेवर सापडल्यावर भांडण शोभेना. आम्ही बसलो आणि खड्डा थोडा खोल केला. दादा, आपण दोघांनी हात काढून घेतल्यावर तिथे केवढा कारभार झाला होता. बाभळीचा, तरवडाचा पाला वर्षानुवर्षं साचलेला. पडलेल्या काटक्या वाळवीनं खाऊन संपवलेल्या. मोकाट गुरांनी टाकलेलं शेण शेणकिड्यांनी गोळे करून जमिनीत नेलेलं. मुंग्यांनी खालची माती वर काढलेली, मुळांभोवती बुरशीचे पांढरे धागे, आणि गांडुळांनी पाला खाऊन जागोजागी मातीच्या बारीक शेवया घालून ठेवलेल्या. कोर्टानं जैसे थे म्हटलं होतं, पण या मंडळींना नोटीस बजावलेली नव्हती. त्यांनी खालचं वर आणि वरचं खाली केलं, कुणी हरकत घेतली नाही. हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. माझ्या रानात कुदळ जात नाही. मला रडू आलं, खरंच सांगतो. मल्लेशनं ते पाहिलं, तोंड दुसरीकडे केलं आणि तेवढ्यात आणखी एक घमेलं भरून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी मी त्या पट्टीतलं ढेकूळ माझं म्हणून मांडलं. (माझं आहे की नाही यावरच तर दावा आहे, तेव्हा खोटं बोललो असं कुणी सिद्ध करू शकत नाही.) सरांनी ते ग्लासात सोडलं. सगळे बघत बसले. चहा आला, चहा गार झाला, ढेकूळ तसंच. सरांनी विचारलं, काय टाकलंत? मी म्हटलं, काही नाही. मग हे साधलं कसं? मी काहीतरी भारदस्त सांगणार, एवढ्यात मल्लेश उठून म्हणाला, “दोघं भाऊ भांडून राहिले, सर. म्हणून साधलं.” वर माती अर्जुनरावांची आहे, असंही ठणकावलं. मी माझी म्हणालो. तिथेच वाजलं. सरांनी निकालात लिहिलं, माती उत्तम, मालकी वादग्रस्त. बक्षिसाची ढाल पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद आहे.

तेव्हापासून गावाला वेड लागलं आहे. ज्यांचे बांध पिढ्यान्पिढ्या गोडीगुलाबीनं चालले होते, ते भाऊ मुद्दाम भांडायला लागले. एकमेकांना फोन करून, वेळ ठरवून, शिव्या देतात आणि संध्याकाळी एकाच मोटारसायकलवर बसून वकिलाकडे जातात. बांध नुसता सोडून द्या, कोर्टाची काय गरज, असं राजकन्येनं बचत गटात सांगून पाहिलं. बायांना पटलं. पुरुष म्हणाले, हुकूम असल्याशिवाय आमचा नांगर थांबणार नाही.

मी मात्र ते अर्धं टोपलं माझ्या रानाच्या कोपऱ्यात, पाल्याखाली, विरजण लावावं तसं लावलं. तेवढ्या तुकड्यात जाळलं नाही, फवारलं नाही. (रोज उकरून बघत होतो, राजकन्येनं खुरपं लपवलं.) परवा तिथे गांडुळाच्या शेवया दिसल्या. लहान होत्या, पण होत्या. उरलेलं रान जिवंत व्हायचं तर विरजण त्या पट्टीतूनच आणावं लागेल, कारण आसपास दुसरीकडे कुठे शिल्लक नाही. माझ्या हयातीत झालं तर बरं, एवढीच इच्छा आहे.

असो. तुमच्या मोठ्या मनापुढे मी लहान आहे. वहिनींना नमस्कार, अंगदला आशीर्वाद.

तुमचा,
शेषेराव

ता. क. कृपा करून सही करू नका. भागवतनं (माझा थोरला) तुमचा निरोप ऐकला त्याच दिवशी रोटाव्हेटरवाल्याला सांगून ठेवलं आहे. पट्टी आमच्या नावावर झाली की सकाळी बाभळी आडव्या, पाला पेटवायचा, आणि दुपारी सोयाबीन. आता शेवटची विनंती प्रतिवादी म्हणून करतो, माझ्यावरचा दावा नेटानं चालवा.

आणखी ता. क. तुम्ही म्हणाल, बाप असून पोराला अडवता येत नाही? अडवेन. पण मला कोण अडवणार? जमीन आपली झाली की माझेही हात शिवशिवतात. ती इतकी वर्षं वाचली ती तुमच्या भीतीनं. मला तुमची भीती आणखी काही वर्षं हवी आहे, दादा.

शेवटचं ता. क. तडजोडीला नाही म्हटलं तर लोक कारण विचारतात, म्हणून त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला दोन शब्द बोलेन. मनावर घेऊ नका. तुम्हीही बोला, जरा मोठ्यानं, म्हणजे हे दोघे या जन्मी एक होत नाहीत अशी सगळ्यांची खात्री पटेल. पुढची तारीख पडली की कोर्टामागच्या हॉटेलात भजी खाऊ. गाडीची डिकी रिकामी आणा, वहिनींच्या कुंड्यांसाठी त्या पट्टीतली माती भरून ठेवतो. फक्त नेताना वकिलांना दिसू देऊ नका.