अन्नपूर्णा उजळायला दिली असेल

२ नोव्हेंबर
उज्वला दिवाळीला माहेरी, धर्माबादला गेली. अजून तिथंच. विश्रांती घेते आहे, योग्यच. लातूरला आमचा सोयाबीन तेलाचा प्लांट ऐन हंगामात, त्यात हेक्झेन या द्रावकाचा तोटा वाढलेला. हेक्झेननं तेल काढायचं, मग त्याची वाफ थंड करून हेक्झेन परत मिळवायचं. सगळं परत मिळत नाही. कुठून जातं ते शोधणं हे प्रोसेस इंजिनिअरचं काम. व्हॉल्व्ह मी फिरवत नाही. कोणता, किती, ते सांगतो.
संकल्प: आधी तोटा. घर आपोआप.

५ नोव्हेंबर, सकाळ
देव्हाऱ्यात अन्नपूर्णा नाही. लग्नात उज्वलानं माहेराहून आणलेली, पितळेची, पाठीवर काळा डाग. उजळायला दिली असेल. नीटनेटकी बाई.

८ नोव्हेंबर
फोन केला. सासरे म्हणाले, ती कामात आहे. कालही कामात होती. एवढं काय काम, विचारायला हवं होतं.
कुकर लावला. कमी शिट्ट्यांत गॅस कसा वाचतो, ते मी उज्वलाला आलेख काढून दाखवलं होतं. स्वतः आज प्रथमच. भात कच्चा. तांदूळ सदोष.

११ नोव्हेंबर
प्रॉडक्शनच्या श्रीपादनं माझ्या डब्यात पुन्हा पोहे पाहिले. वहिनी येणार हायत का न्हाई, म्हणाला. मी म्हणालो, शटडाऊन नियोजित आहे. तो हसला नाही. त्याला प्लांटची भाषा कळत नाही.

१४ नोव्हेंबर
सापडलं! वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या सांध्यातून, थोडं थोडं, कित्येक महिने. रोज तिथं उभं राहणाऱ्याला वास येत नाही, नाक सरावतं. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. मालक खूश.
रविवारी उज्वलाला घेऊन येतो. दोन तिकिटं परतीची.

१६ नोव्हेंबर, रविवार, धर्माबाद स्टँड
सासरे म्हणाले, या जावईबापू. चहा पाहुण्यांच्या कपात आला. उज्वलाला सांध्याचं सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं. बरं झालं, म्हणाली.
चल, म्हणालो.
"तुम्ही सांगत राहिलात, मी करत राहिले. आता न्हाई."
सासरे उठून अंगणात गेले. मी कप स्वतः उचलून आत ठेवायला निघालो. तिनं हातातून घेतला. राहू द्या, म्हणाली.
आत त्यांचा देव्हारा दिसला. अन्नपूर्णा तिथं आहे. हळदकुंकू आजचं. पाठीवरचा काळा डाग तसाच.
उजळायला दिलेली नव्हती.