आंडोर की आंडेर

२ नोव्हें. ९३, धुळे
आज पुन्हा आमच्या हेड सिस्टर अक्का जिंकल्या. शिंदखेड्याची बाई सकाळी मोकळी झाली. बाळ पुसलं आणि सरळ तिच्या छातीवर ठेवलं, नाशिकच्या प्रशिक्षणात शिकवलं तसं. बाई हसली. तेवढ्यात अक्का आत आल्या. बाळ उचललं, आयाबाईच्या, म्हणजे जिजाबाईच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "कुमुद, इथं प्रसूतिगृह चालतं. नाशिकचं नाटक नको." जिजाबाई बाळखोलीकडे चालती झाली. बाईचे हात तसेच छातीवर राहिले. मी ट्रे धुतला. दुसरं काय करणार.

५ नोव्हें.
इथला रिवाज असा. बाळ झालं की बाळखोलीत. आईला ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळ घालून. तोवर बोळ्यानं साखरेचं पाणी. आईआधी बाळ कोण बघतं? तर ओट्यावर बसलेल्या सासवा-नणंदा. ती 'दाखवणी', आणि तो मान जिजाबाईचा. डोक्यावर पदर घेते, बाळ दोन्ही हातांवर धरून दारात उभी राहते, आणि काय झालं ते पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडतं. मग पेढा, नारळ, खण. खणांची तिला हौस नाही, पेटीत पडून आहेत म्हणते. पण एरवी बेडपॅन उचलणाऱ्या बाईच्या पाया कोण पडतं? त्या दारात पडतात. हे मला कळतं. कळतं म्हणून नीट भांडताही येत नाही, आणि त्याचीच जास्त चीड येते.

९ नोव्हें.
वरून पत्रक आलं. बाळ जन्मल्यापासून आईजवळच ठेवावं, अंगावरचं लगेच पाजावं. मी नाचतच मोठ्या डॉक्टरसरांकडे गेले. सरांनी वाचलं, चष्मा पुसला. "कल्पना उत्तम आहे सिस्टर. अक्कांना विचारून घ्या."
संपलं! पत्रक अक्कांच्या टेबलावर आहे. त्यावर कापसाची बरणी ठेवली आहे.

१४ नोव्हें.
आज चिकावरून वाजलं. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायला लावतात, बाळाला जड पडतं म्हणे. मी वॉर्डात विचारलं, "गाय व्यायली की खरवस कोण कोण खातं?" सगळ्यांचे हात वर. "मग वासराचा चीक आपण खायचा आणि आपल्या लेकराचा मोरीत ओतायचा?" बायका खो खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "हाऊ इचार कधी डोकामा उनाच नही वं माय."
अक्का दाराशी उभ्या होत्या. दुपारी चहाला मला हाक आली नाही. इथं रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच. कपबशीसाठी रडू येईल असं वाटलं नव्हतं.

२१ नोव्हें.
पायाळू बाळ. मी घाबरले होते. अक्कांनी मला बाजूला केलं आणि ज्या हातांनी ते बाळ सोडवलं ते मी जन्मात विसरणार नाही. एक घाईची हालचाल नाही. नंतर हात धुताना आपणहून बोलल्या. त्या नवीन असताना बाळं आईजवळच असायची. एक दमलेली बाई झोपेत कुशीवर वळली. पहाटे बाळ निळं. "तू वर्गात शिकलीस, कुमुद. मी त्या बाईचा हंबरडा ऐकून शिकले."
त्यांची भीती खोटी नाही. पण मग बाळखोलीत गेले आणि एकेका बाळाच्या पावलांना हात लावून बघितला. गार. सगळी गार. हे कोणाला सांगू? ज्यांना सांगायचं त्यांनीच आज माझं काम वाचवलंय.

२९ नोव्हें.
निदान बाळांच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधू या, एवढंच म्हणाले. अक्का म्हणाल्या चिकटपट्टीनं कातडी सोलवटते. मी म्हणाले, नाडी बांधू. तर म्हणे आवळते. मग शेवटचं ठेवणीतलं, "जिजाबाई चेहऱ्यावरून ओळखते. आजवर चुकली का?" जिजाबाई ऐटीत माझ्याकडे बघत होती. आता मी यांच्याशी बोलायचंच सोडून देणार आहे. रोज भिंतीला डोकं लावायचं आणि रोज घरी येऊन कपाळ चोळायचं.

७ डिसें.
सकाळी दोन्ही टेबलं एकदम. अक्कांकडे साक्रीची बाई, मुलगा झाला. माझ्याकडे सुमन, नरडाण्याजवळच्या खेड्यातली, पहिलटकरीण. मुलगी झाली. गुटगुटीत, मोठ्यानं रडणारी. सुमनला दाखवायला उचलली तर अक्का पलीकडून, "आधी टाके घे, रक्त जातंय." जात होतं, हेही खरं. सुमन डोळे मिटून पडलेली. जिजाबाईनं दारातून विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हणाले, "आंडेर."
मी बोदवडची, आमच्याकडचं बोलणं वेगळं. इथं मुलाला आंडोर म्हणतात, मुलीला आंडेर. बायकांशी त्यांच्या बोलीत चार शब्द बोलावेत म्हणून शिकतेय, कौतुकानं. टाके छान बसले. दमलेय.

८ डिसें.
कसं लिहू. जिजाबाईनं काल सुमनच्या माणसांना साक्रीवालीचा मुलगा दाखवला. साक्रीवालीचं कोणी ओट्यावर नव्हतंच. सुमनचा नवरा पेढे वाटत गावी गेला. आज आंघोळीनंतर सुमनच्या मांडीवर मुलगी आली, आणि सासू उभीच राहिली. "आम्हले पोऱ्या दखाडा! मी मना डोयावरी दखा. मना आंडोरनी बठ्ठा गावमा पेढा वाटात. हाई आमनी नही."
जिजाबाई पांढरी पडली. म्हणाली, "सिस्टर आंडोर बोलनात."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आंडेर म्हणाले होते. आंडेरच. लिहायला गेलं तर फरक एका कान्याचा.

१० डिसें.
सरांच्या खोलीत सगळे. रक्त तपासलं, दोन्ही बाळांचा गट एकच. म्हणजे त्यातून काहीच नाही. अक्का मात्र ठाम. मुलगा त्यांच्या टेबलावर झाला, नाळ त्यांनी कापली, साक्रीवालीला तिथंच ओरडून सांगितलं. सासूला स्वच्छ सांगितलं, मुलगी तुमचीच. सासू म्हणाली, मग पोऱ्या का दाखवला? अक्का म्हणाल्या, "नवीन सिस्टरच्या बोलण्याचा घोळ झाला."
सर मान डोलावत होते. मी पट्टीबद्दल बोलले. बाळ आईच्या छातीवर असतं तर कोण कोणाचं हा प्रश्नच कुठून आला असता, असंही बोलले. आवाज चढला माझा. सर म्हणाले, "सिस्टर, ही वेळ आहे का?"
निर्णय झाला. बाळखोलीला कुलूप, चावी अक्कांकडे. स्टाफनं शुद्ध मराठीतच बोलावं. बस्स. मी इथं बदल व्हावा म्हणून जीव टाकला, तर झाला बदल. मी खरंच हसले, सगळ्यांसमोर. ते बरं दिसलं नाही.

११ डिसें.
सासू गावी निघून गेली. नवरा फिरकला नाही. अक्कांनी मुलगी दिवसभर सुमनजवळ ठेवू दिली, तेवढी सवलत. सुमननं ती खाटेच्या अगदी कडेला ठेवलेली. मी जवळ सरकवली. तिनं माझा हात धरला.
"बहिन, खरं सांग. हाई मनीच शे ना?"
"तुझीच गं. माझ्या हातांत आली ती."
"तू दखं," ती म्हणाली. "मी कोठे दखं?"
खरंच, तिनं कुठं बघितली होती? तिथून उठले आणि कपडे धुवायच्या मोरीत जाऊन रडले. चार श्वास. चार श्वासांसाठी ती पोर तिच्या अंगावर ठेवली असती, टाके काय पळून जाणार होते?

१३ डिसें.
नळावर जिजाबाई भेटली. म्हणाली, "ताई, आईची आन, मले आंडोरच आयकू उनं." खोटं बोलत नव्हती. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहून बोलत होते, ती वळून डावा कान पुढं करत होती. तिला उजव्या कानानं नीट ऐकू येत नाही. अक्कांना विचारलं, ठाऊक आहे का? म्हणाल्या, "मग काय तिला काढून टाकू? विधवा बाई आहे."
आता कोणावर रागवायचं तेही राहिलं नाही.

१६ डिसें.
सुमन पाजते, पण तोंड भिंतीकडे. संध्याकाळी बाळखोलीत न्यायला जिजाबाई आली, मी मुलगी दिली नाही. म्हणाले आईजवळ राहू दे, मी बसते उशाशी. अक्का आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुला ही एकच पोर दिसते. मला सगळी दिसतात." घेऊन गेल्या. सुमननं हात पुढं केला नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

१८ डिसें.
माझी बदली बाहेरच्या खिडकीवर. केसपेपर आणि लसी. प्रसूतीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सर म्हणाले, "तुम्हालाही जरा आराम." आईचा निरोप, बोदवडला ये निघून, तिथं काय कमी आहे. काही कमी नाही. पण गेले तर इथं म्हणतील, बघा, नाशिकवाली पळाली. आणि राहिले तर काय करणार आहे? खिडकीतून नाव-वय विचारणार.

२१ डिसें.
सुमनला सुट्टी. माहेरहून तिचे वडील न्यायला आले, सासरचं कोणी नाही. मुलीला घेऊन निघाली, कोणी क्षणभर धरायला दिल्यासारखी. मी टोपरं सारखं केलं. अक्काही दारापर्यंत आल्या, मुलीच्या कपाळाला बोट लावलं. आत वळल्या.

१८ जाने. ९४
लसीचा वार. रांगेत सुमन. मुलगी छान भरली आहे. नाव विचारलं तर म्हणाली, "अजून नही ठेवं." नवरा एकदा माहेरी येऊन गेला. मुलीचे कान बघितले, बोटं बघितली, चहा न घेता गेला.
सुई टोचली तशी पोर कळवळली. सुमननं तिला छातीशी घट्ट धरलं, "मनी माय, मनी माय" करत थोपटलं. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. पोर गप्प झाली तशी सुमननं तिला हातभर लांब धरलं आणि चेहऱ्याकडे बघत राहिली. मग खिडकीत वाकून हळूच म्हणाली,
"साक्रीवालीना पत्ता शे का तुमनाजोडे? मले एक डाव त्या पोऱ्याले दखनं शे."
पत्ता माझ्यामागच्याच कपाटात आहे. मी म्हणाले, बघते. पुढच्या मंगळवारी येते म्हणाली.