टायर अरुंद की रुंद

१ मार्च १९९६, शुक्रवार. संध्याकाळ.
जीप आली! लष्कराच्या लिलावातली. फोर व्हील ड्राइव्ह. सोसायटीच्या गेटमधून आत ढकलताना चौघं लागले, पण रुबाब काय! नेरूळमध्ये अशी जीप दुसऱ्या कुणाकडे नसेल.

कारण इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी हौस म्हणायला नको. माझी बायको मीना बेलखारच्या शाळेत शिकवते. उरणच्या एस.टी.ने फाट्यावर उतरायचं आणि पुढे दोन किलोमीटर मातीची वाट. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल असतो. गेल्या वर्षी ती दोनदा पडली. एकदा तर मुलांच्या तपासलेल्या वह्यांसकट पडली. यंदा तिने स्पष्ट सांगितलंय की सोय झाली तर ठीक, नाहीतर ती बेलखारलाच खोली घेऊन राहील. मी शब्द दिला. शाळा तेरा जूनला उघडते. फक्त टायर बदलायचे राहिलेत. आठ दिवसांचं काम.

३ मार्च, रविवार.
तळमजल्यावरचे रावसाहेब लष्कराच्या वाहन विभागातून रिटायर झालेत. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, अरुंद टायर घ्या. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि टणक जमीन पकडतो. एकदम पटलं. निर्णय झाला: अरुंद.

१० मार्च, रविवार.
कळंबोलीला बाजीराव टायरवाल्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, साहेब, तुमच्या खाडीच्या चिखलाला तळच नाही, अरुंद टायर खाली जाईल तो जातच राहील. रुंद घ्या. चिखलात पाट टाकून बसलं तर माणूस रुततो का? हेही एकदम पटलं. निर्णय झाला: रुंद.

११ मार्च.
दोन पक्के निर्णय झाल्याने अडचण. घाई करणार नाही. सव्वीस वर्षं प्लॅनिंगच्या ऑफिसात काढली ती उगाच नाही. रीतसर जायचं. दोनशे पानी रजिस्टर आणलं. तीन कोटेशन मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मग खरेदी. पाडव्याला नवे टायर.

२० मार्च. पाडवा.
जीपची पूजा केली. मीनाने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. टायर जुनेच, पण हाराने झाकले गेले. फोटो काढला. मीनाने विचारलं, नवे कधी? म्हटलं, अक्षय्य तृतीया. तीही साडेतीन मुहूर्तांतली, शिवाय तोवर तिसरं कोटेशन येईल. ती पूजेचं ताट उचलून घरात गेली. पटलं असावं.

७ एप्रिल, रविवार.
प्रयोग केला. मीनाने मळलेली कणीक परातीत पसरली. लाटणं म्हणजे अरुंद टायर, पोळपाट म्हणजे रुंद टायर. घट्ट कणकेत लाटणं सरस ठरलं. मग अर्धा तांब्या पाणी घालून सैल केली, तर पोळपाट सरस. म्हणजे सगळं चिखलाच्या पातळपणावर आहे! हा मुद्दा रावसाहेबांनाही सुचला नव्हता. रजिस्टरमध्ये आकृतीसह नोंद केली. दुपारी भातच खाल्ला. मीना म्हणाली, पोळ्यांची कणीक घेण्याआधी मला निदान विचारायचं तरी होतं. शास्त्रीय काम आहे, घरच्यांना थोडी झळ बसणारच.

२० एप्रिल. अक्षय्य तृतीया.
तिसरं कोटेशन आलं नाही. दोन कोटेशनवर खरेदी करणं नियमात बसत नाही. मीना म्हणाली, जीप आपली, पैसे आपले, नियम कुणाचा? बायकांना ऑफिसची शिस्त समजावून सांगणं कठीण.

५ मे, रविवार.
बेलखारला प्रत्यक्ष पाहणी. मीनाही बरोबर होती, एस.टी.ने. (जीपचे टायर तेवढा प्रवास करण्याजोगे नाहीत.) वाट मे महिन्यात दगडासारखी टणक! चिखलच नाही, तर पाहणी कसली करणार? फाट्यावरच्या हॉटेलातून दोन बादल्या पाणी घेऊन स्वतः चिखल केला आणि छत्रीच्या टोकाने खोली मोजली. आजूबाजूला गर्दी जमली. गावच्या पंचायतीतला गोटीराम नावाचा माणूस बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, सायेब, बारीक नाय न् जाडा नाय, हितं फकस्त पाय चालतान. टायर कशाला, आमचा रस्त्याचा अर्ज दोन वर्सं सरकारात परलाय, त्यो बघा कुनी. मी सहानुभूती दाखवली. सरकारी कामं अशीच. मीना त्याच्या आईकडे, सगुणाबाईंकडे, बसली होती. त्यांच्या ओटीवरची एक खोली रिकामी आहे, असं येताना सहज म्हणाली. मी विषय बदलला.

१२ जून. रात्री ८.
उद्या शाळा. आणि निर्णय झाला! पुढे अरुंद, मागे रुंद. पुढचे कापणार, मागचे तरंगणार. दोन्ही बाजूंचा मान राहिला आणि तीन महिन्यांचा अभ्यास फुकट गेला नाही. बाजीरावने बसवताना काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला घाईत गप्प केलं. मीनाला म्हटलं, उद्यापासून तू राणी. ती हसली. खूप दिवसांनी.

१३ जून.
सोसायटीच्या गेटपाशी वळताना गिअरबॉक्समधून किंचाळी आली. फोर व्हील ड्राइव्हला चारही चाकं सारख्या उंचीची लागतात म्हणे. बाजीराव आणि रावसाहेब यांचं प्रथमच एकमत झालं. कशावर, ते इथे लिहीत नाही. मीना एस.टी.ने गेली. उशीर झाला म्हणून हेडमास्तर बोलले. साडी धुवायला टाकली आहे. माझ्याशी बोलली, पण नुसतं "जेवायला या."

३० जून, रविवार.
चारही रुंद! गिअरबॉक्स दुरुस्त. आज रविवार असूनही शाळेत पालकसभा होती. मीनाला घेऊन थेट वाटेवर उतरलो. टायर रुतले नाहीत, हे प्रथम नमूद करतो. बाजीरावचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. जीप तरंगली. मात्र तरंगत तरंगत बाजूच्या खाचरात गेली. ते खाचर गोटीरामचं निघालं. भाताची रोपं होती. बांधावर सगळे पालक आणि निम्मी शाळा उभी. मीना दार उघडून चिखलात उतरली, चपला हातात घेतल्या आणि चालत सभेला गेली. मागे वळून बघितलं नाही. गोटीरामने ट्रॅक्टर आणून जीप ओढली. रोपांबद्दल शब्दही काढला नाही. सगुणाबाईंनी चहा दिला. त्यांच्या ओटीवर बसून चहा पिताना लाज वाटली. का, ते कळत नाही, कारण प्रयोग यशस्वी झाला होता.

निष्कर्ष: अरुंदच हवे होते.

१५ जुलै. ऑफिसमधून आल्यावर.
आज ऑफिसात गोटीराम आला. रस्त्याच्या अर्जाची चौकशी करत टेबलं फिरत फिरत माझ्या टेबलापाशी पोचला. मला बघून त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. फाईल शोधली. बेलखार फाटा ते बेलखार, खडीकरण व डांबरीकरण. शेवटच्या पानावर शेरा: "रस्त्याची रुंदी तीन मीटर की साडेपाच मीटर, हे प्रस्तावात स्पष्ट नाही. तुलनात्मक तक्ता जोडून फेरसादर करावे." तारीख ऑगस्ट ९४ ची. खाली माझी सही.

शेरा बरोबरच आहे. रुंदी खरोखरच स्पष्ट नव्हती. गोटीराम म्हणाला, सायेब, किती बी रुंद करा, दोन पाय मावतीन येवरा जरी झाला तरी चालंल. मग म्हणाला, बाई आमच्या पोरांसाठी रोज त्या चिखलान उतरते, नि कागूद तुमचेकरं हाय? त्याला कार्यपद्धती समजावली. चहा मागवला. तो न पिताच गेला.

मीनाला बेलखार प्रकरण माझ्याकडे होतं हे सांगायची आत्ताच गरज नाही. वर्षाला चारशे फायली येतात. माणूस गावांची नावं कुठवर लक्षात ठेवणार?

१६ जुलै.
मीनाला कळलं. तिने एकच विचारलं, फाईल किती दिवस तुमच्या टेबलावर होती? मी प्रामाणिकपणे सांगितलं की टेबलावर एक दिवसही नव्हती, कपाटात होती. ती उठली आणि माळ्यावरचा स्टोव्ह काढून पुसायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ जुलै, रविवार.
मीना गेली. चार साड्या, स्टोव्ह, वह्यांची पिशवी. सगुणाबाईंच्या ओटीवरची खोली. पाऊस संपेपर्यंत, असं म्हणाली. म्हटलं, जीपने सोडतो, अरुंद टायर मंगळवारी येतायत, दोन दिवस थांब. ती म्हणाली, तुम्ही थांबा. एस.टी.ने गेली. स्टोव्ह जड होता.

१ ऑगस्ट.
मनाशी ठरवलं. बेलखारची फाईल आठ दिवसांत मार्गी लावायची. आज कपाटातून काढली, धूळ झटकली, समोर घेतली. तीन मीटर लिहिणार, तेवढ्यात मनात आलं, उद्या समोरासमोर दोन ट्रॅक्टर आले तर? साडेपाच लिहिणार, तर दोन्हीकडची खाचरं जातात. त्यात गोटीरामचंही. त्याचं एकदा नुकसान केलंय, परत कसं करू? दोन्ही बाजू भक्कम आहेत. नवं रजिस्टर आणलं.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदनाला बेलखारला गेलो. अरुंद टायर बसवलेत. फाट्यापर्यंत जीप छान आली. पुढचा चिखल बघितला आणि पाय टाकायचा धीर झाला नाही, म्हणजे जीपचा. चालत गेलो. एक बूट वाटेत राहिला. पोचलो तेव्हा झेंडा वर गेलेला, मुलं पेढे खात होती. मीना अनवाणी होती, चिखलातून सराईत चालत होती. बरी दिसत होती. इतकी बरी ती घरी दिसत नसे. तिने पाय धुवायला पाणी दिलं, हातात पेढा ठेवला. फाईलचं विचारलं. म्हटलं, प्रगती आहे.

परतताना फार वाईट वाटलं. एस.टी.पेक्षा जीपमध्ये एकट्याने वाईट वाटून घेणं जास्त अवघड असतं.

८ सप्टेंबर, रविवार.
आठवड्याने गणपती. मीना सणाला येणारच. डबे घासले, पडदे धुतले, जीप पुसली. तिला आणायला जाईन तेव्हा टायरवरून वाद नको, म्हणून चारही रुंद घरात आणून ठेवलेत, ऐनवेळी बदलता येतील. दोन हॉलमध्ये, दोन बेडरूममध्ये मीनाच्या बाजूला. ती आली की हलवीन.

१२ सप्टेंबर.
संध्याकाळी गोटीराम घरी आला. मीनाची चिठ्ठी आणि एक फॉर्म. गणपती ती बेलखारलाच करणार आहे, सगुणाबाईंकडे. खोली आता कायमची घेतली. स्टोव्हला रॉकेल लागतं, ते तिकडच्या दुकानात मिळायला तिकडचं रेशनकार्ड हवं. म्हणून नेरूळच्या कार्डावरून तिचं नाव कमी करण्याचा अर्ज. कुटुंबप्रमुखाची सही लागते.

गोटीराम दारातच उभा राहिला. बसा म्हटलं, पण बसायच्या जागेवर टायर होता.

अर्ज तीनदा वाचला. तारीख होती, कारण होतं, कार्डाचा नंबर बरोबर होता, झेरॉक्स जोडलेली होती. त्रुटी एकही नाही. परत पाठवावा असं त्यात काहीच सापडलं नाही.

सही केली.